मालेगावचे रीडरराव

समृद्धी महामार्गावरून मालेगावला उतरायचं म्हटलं (नाशिक जिल्ह्यातलं नव्हे, आपलं वाशीमचं, मालेगाव जहांगीर) की टोलच्या लेनवर उंच बसवलेल्या एका चपट्या पेटीखालून जावं लागतं. हे रीडरराव. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी रस्ता खुला झाला, त्याच टप्प्यावरची ही नेमणूक. सोयाबीनच्या ट्रकपासून वऱ्हाडाच्या जीपपर्यंत सगळ्यांची हजेरी राव घेतात. वर मान करून त्यांच्याकडे कोणी बघत नाही, म्हणून ही ओळख.

पहिली गोष्ट, रावांना तोरा आहे, आणि तो शोभतोही. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. राव ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरी सोडतात, त्यांतूनच टॅगला वीज मिळते आणि तो जागा होतो. मग त्याच लहरी कमी-जास्त परतवून तो उत्तर देतो. समोरच्याला बोलायचं बळही रावांनीच द्यायचं आणि बोलायची पाळीही त्यांनीच ठरवायची.

पाळी लावावीच लागते. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या की दोन-तीन टॅग एकदम जागे होतात. त्यांना एकमेकांचं काही ऐकू येत नाही. सगळे एकाच वेळी बोलले, तर रावांच्या कानी नुसता गलका पडतो. नाव घेऊन एकेकाला उठवावं, तर नावंच अजून माहीत नाहीत.

यावर रावांची युक्ती बघण्यासारखी आहे. ते पुकारतात, ‘पाळ्या सोळा. प्रत्येकानं मनात एक आकडा धरा.’ ज्याला शून्य आला तो लगेच बोलतो. राव ‘पुढे’ म्हणाले की बाकीच्यांचा आकडा एकेकानं उतरतो, आणि ज्याचा शून्यावर येतो त्याची पाळी. यात मंत्र्याची गाडी पुढे आणि कांद्याचा ट्रक मागे असा भेद नाही. ज्याच्या नशिबी जो आकडा, तो खरा.

राव सावधही तितकेच. पहिल्याच फटक्यात ते कुणाची पूर्ण ओळख विचारत नाहीत. टॅगनं आधी सोळा बिटांचा एक तात्पुरता आकडा सांगायचा. रावांनी तोच परत म्हणून दाखवला, तरच टॅगनं आपला खरा क्रमांक द्यायचा. दोघं धडकले तर वाया जातो तो हा छोटा आकडा, लांबलचक ओळख नव्हे. वेळेची अशी काटकसर रावांच्या अंगी मुरलेली आहे.

स्वभाव मात्र लवचीक. धडका फार होऊ लागल्या की राव पाळ्या दुप्पट करतात: सोळाच्या बत्तीस, बत्तीसच्या चौसष्ट. पाळ्या रिकाम्या जाऊ लागल्या की निम्म्यावर आणतात. समोर किती जण आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही. गलका आणि शांतता ऐकूनच ते गर्दीचा अंदाज बांधतात.

अंदाज अगदी बरोबर आला तरी, मोठ्या गर्दीत शंभरातल्या साधारण सदतीस पाळ्या रिकाम्या जातात, सव्वीसांत धडक होते आणि सदतीसच कामी येतात. पण एकेक पाळी इतकी लहान असते की अशा पद्धतीनं सेकंदाला शेकडो टॅग वाचता येतात. वाया जाणाऱ्या पाळ्यांनी राव खचत नाहीत.

हा धीर घराण्यातून आलेला. मूळ पुरुष हवाई बेटांवरचे. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रमसन यांनी ‘अलोहा’ नावाचं रेडिओ जाळं सुरू केलं. बेटाबेटांवरच्या यंत्रांनी हवं तेव्हा बोलायचं. धडक झाली तर थोडं थांबून, प्रत्येकानं वेगवेगळा वेळ थांबून, पुन्हा बोलायचं. त्यात जेमतेम अठरा टक्के वेळ सत्कारणी लागे. पुढच्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी वेळेचे ठरावीक तुकडे पाडायचं सुचवलं आणि ती मर्यादा दुप्पट झाली. रावांचे सदतीस टक्के तिथले.

एक खोड आहे: जवळच्याचा जोरकस आवाज त्यांना गलक्यातूनही कळतो. लांबचा, धुळकट काचेमागचा क्षीण आवाज मागे पडतो. पण उतारा नियमातच आहे. ज्याची नोंद झाली, त्या टॅगनं मनाशी खूण करून काही काळ गप्प राहायचं. जवळचा गप्प बसला की लांबच्याला ऐकवता येतं. रावांविषयी मला सर्वांत आदर वाटतो तो या नियमासाठी. जो बोलून झाला त्यानं थांबावं, म्हणजे ज्याचा आवाज लहान त्यालाही वेळ मिळतो.

रुसतात ते धातूवर आणि पाण्यावर. काचेवर धातूचा थर असेल, टॅगवर ओल असेल, किंवा टॅग न चिकटवता हातात धरला असेल, तर मामला बिघडतो. मग खिडकीतला पोरगा म्हणतो, ‘भाऊ, घेऊनच नाही राहिला ना! जरा मागं घ्या.’ मागे हॉर्न सुरू होतात आणि शिव्या मात्र रावांना बसतात. वास्तविक पैशांशी त्यांचा संबंधच नाही. पैसे दूर बँकेच्या खात्यात असतात. आत शिरताना कोण आला आणि बाहेर पडताना कोण गेला एवढंच राव सांगतात. त्यावरून अंतर निघतं आणि अंतरावरून टोल.

आता ओळख झालीच आहे, तर त्यांच्यासाठी एवढं करा. काचेवरचा जुना, बंद पडलेला टॅग खरवडून काढा. एका गाडीला एकच टॅग असा आता नियमही आहे. चालू टॅग आरशामागे नीट चिकटवा. आणि पुढच्या गाडीत नि आपल्यात थोडी जागा सोडा. गर्दी आवरायची कला रावांकडे आहे, पण ती गर्दी वाढवायचं कारण आपल्याकडे नाही.