फुलं गळण्याचा ऋतू

बंगळुरात शरद ऋतू भिजत येतो. आमच्या सांगलीकडे भाद्रपद सरता सरता आभाळ धुऊन निघायचं आणि ऑक्टोबर लागला की दुपारी पाय भाजायचे. इथे सप्टेंबर आणि ऑक्टोबर हेच वर्षातले सगळ्यांत ओले महिने. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवरचं हे शहर सकाळी कोवळ्या, लख्ख उन्हात जागं होतं. दुपारपर्यंत आभाळ असं निळंशार असतं की पावसाचा संशयही येऊ नये. मग शाळा सुटायच्या वेळेला गडगडायला लागतं. थोरली दप्तर डोक्यावर धरून धावत फाटकातून आत येते, धाकटा गॅलरीच्या गजांतून हात बाहेर काढून थेंब झेलतो, आणि मी दोरीवरचे कपडे ओढून घेते. हस्ताचा पाऊस म्हणजे हत्तीनं सोंडेतून उडवलेलं पाणी, असं माझी आजी सांगायची. मी ते नुसतंच ऐकलं होतं. माझी मुलं तो हत्ती रोज संध्याकाळी अंगावर घेतात.

आमची बसवनगुडी ही जुनी वसाहत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आखली गेली आणि 1898च्या प्लेगनंतर दाट पेठेतून निघालेली माणसं इथल्या रुंद, सरळ रस्त्यांवर राहायला आली. रस्ते रुंद म्हणून झाडं उंच, आणि झाडं उंच म्हणून ऋतू कळतो. मुलांना घेऊन राहायचं तर मला अशीच जागा हवी होती.

एकदा थोरलीच्या शाळेतून रंगवायला चित्र आलं. त्यावर ‘ऑटम’ असं लिहिलेलं, मधोमध एक झाड आणि खाली पानांचा ढीग. रंग लाल-नारिंगी द्यायचा, असं बाईंनी सांगितलं होतं. तिनं मन लावून रंगवलं आणि मग विचारलं, “आई, आपल्या इथे ही पानं कधी पडतात ग?” इथली पानगळ जानेवारी-फेब्रुवारीतली. आत्ता इथे जे गळतं ते दाखवायला दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठवून दोघांना कृष्णराव पार्ककडे घेऊन गेले. रात्री पाऊस होऊन गेला होता. पौरकार्मिक बायका झाडू घेऊन यायच्या होत्या. बुचाच्या झाडांखालचा सगळा पदपथ पांढरा झाला होता.

बूच म्हणजे गगनजाई, कानडीत आकाश मल्लिगे. झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, सरळसोट वाढणारं. फुलं इतक्या उंचावर की मान मोडेपर्यंत वर पाहिलं तरी नीट दिसत नाहीत. ती पाहायची ती खाली पडल्यावरच. लांब नळीसारखा देठ, टोकाला चार-पाच पाकळ्या, आणि वास असा की ओल्या हवेत गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कळावा. लहान मुलांसाठी याहून सोयीचं फूल नाही. तोडायला नको, माळ्याची बोलणी नकोत, काटा नाही, आणि कितीही वेचली तरी संपत नाहीत. थोरलीनं फ्रॉकचा ओचा केला. धाकटा एकेक फूल उचलून दुसऱ्या हातात ठेवायचा आणि तिसरं उचलताना पहिलं पाडायचा.

बुचाच्या फुलांची वेणी सुई-दोऱ्याशिवाय होते. दोन देठ एकमेकांवर आडवे टाकायचे, तिसरा त्यांना वळसा घालून खालून काढायचा, मग चौथा. माझ्या आईनं ती मला शाळेच्या पायरीवर बसून शिकवली होती. मी थोरलीला पार्कच्या बाकावर शिकवली. तिची वेणी सैल झाली, घरी पोहोचेपर्यंत निम्मी सुटली, पण उरलेली तिनं दिवसभर केसांत ठेवली आणि संध्याकाळी ती तपकिरी पडली तेव्हा वहीत दाबून ठेवली. पुढच्या चित्रात झाड हिरवंच होतं आणि खाली कागद कोराच सोडलेला. “पांढरी फुलं पडलीत,” असं तिनं बाईंना सांगितलं.

या शहरात बारा महिने काही ना काही फुलतं, आणि त्यामागे माणसाचा विचार आहे. गुस्ताव्ह क्रुम्बिगेल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात बागा करत होता. 1908 साली तो म्हैसूर संस्थानात आला आणि पुढे दोन तपं लालबागेशी जोडलेला राहिला. एका झाडाचा बहर ओसरता ओसरता दुसऱ्याचा सुरू व्हावा अशा बेतानं रस्त्यांवर झाडं लावायची, ही कल्पना त्याच्या नावावर सांगतात. मला हे फार मोठं काम वाटतं. शंभर वर्षांनंतर जन्मलेल्या पोरांना कुठल्या महिन्यात काय वेचायला मिळावं, याची तजवीज कुणीतरी करून ठेवली आहे. बूच संपेपर्यंत पिचकारीच्या झाडाच्या कळ्या पडायला लागतात. त्यांच्या पोटात पाणी असतं, टोक दाबलं की चिळकांडी उडते. धाकट्याचा हा सगळ्यांत आवडता शोध. त्याच्या सदऱ्यांवर पडलेले पिवळट डाग मी आता घासत बसत नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी शेजारच्या अज्जींच्या घरातून पेट्या सरकवल्याचे आवाज यायला लागतात. माळ्यावरून पत्र्याच्या ट्रंका उतरतात, त्यांतून जुन्या धोतरांच्या चिंध्यांत गुंडाळलेल्या बाहुल्या निघतात. बोंबे हब्ब, बाहुल्यांचा सण. म्हैसूर मुलखातल्या कितीतरी घरांत नवरात्र म्हणजे हेच. पायऱ्या विषम संख्येच्या. सगळ्यांत वर पट्टद बोंबे, म्हणजे लाकडाची राजा-राणीची जोडी. ती मुलीला लग्नात माहेराहून मिळते आणि दर वर्षी नवी वस्त्रं लेवून पहिल्यांदा तीच मांडली जाते. अज्जींची राणी त्यांच्याही आईची. तिचं नाक झिजलं आहे, डोळे मात्र अजून काळेभोर. खाली दशावतार, मग लग्नाची वरात, मग शेट्टी आणि शेट्टम्मा आपलं वाण्याचं दुकान मांडून बसलेले, त्यांच्यापुढे खरोखरीच्या डाळी-तांदळाच्या इवल्या राशी. सगळ्यांत खाली म्हैसूरची दसऱ्याची मिरवणूक, अंबारीच्या हत्तीसकट.

अज्जींचा एक नियम मला मनापासून आवडतो. मांडताना मुलांनी हात लावायचा. शोकेसमागून बघायचं नाही. चिंधी सोडायची, बाहुलीचं तोंड ओल्या फडक्यानं पुसायचं, आणि ती कुठल्या पायरीची ते विचारून अज्जींच्या हातात द्यायची. एखादीचा हात तुटतो. अज्जी डिंक आणतात. बाहुल्यांच्या पायाशी वाळू पसरून त्यात मुलांनी पेरलेली नाचणी चौथ्या-पाचव्या दिवशी हिरवी दिसायला लागते आणि धाकटा त्या बोटभर शेताशी पालथा पडून राहतो.

संध्याकाळी गल्लीतली मुलं घराघरांतून बोंबे बघायला जातात. आरती होते, कुणी शाळेतलं गाणं म्हणतं, आणि हातावर बोंबे बागिन पडतं. म्हणजे खाऊ. कधी कोडबळं, कधी ओलं खोबरं पेरलेली हरभऱ्याची उसळ. थोरलीला आता पाठ आहे कुठल्या घरात काय मिळतं.

त्याच आठवड्यात आम्ही गच्चीवर भोंडला, म्हणजे हादगा, घालतो. आसपासच्या मराठी घरांतल्या बायका येतात, पण त्यांच्या मुली मोजक्याच, म्हणून गल्लीतल्या सगळ्याच मुलांना बोलावतो. पाटावर हत्ती काढायची पद्धत. आमच्याकडे पाटावर अज्जींचा चन्नपट्टणचा लाकडी हत्ती बसतो, लाखेच्या रंगानं चकचकीत. तो मिरवणुकीतून दोन तासांसाठी सुट्टी घेऊन वर येतो, असं थोरली सगळ्यांना सांगते. फेर सुरू होतो. सासर-माहेराची ती गाणी कानडी, तमिळ, तेलुगू बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी काहीच्या बाही होऊन बाहेर पडतात, तरी ताल चुकत नाही. सासुरवासाची गाणी आजच्या पोरींना कशाला, असं आमच्यातलीच एक दर वर्षी म्हणते. मला ती म्हणायलाच हवीत असं वाटतं. ज्या बायकांना बोलायची सोय नव्हती त्यांनी फेर धरून हे बोलून घेतलं, आणि त्यांचा आवाज मुलींच्या कानावर खेळता खेळता पडावा.

खिरापत ओळखायची वेळ आली की मात्र भाषा आड येत नाही. “गोड की तिखट?” “तिखट!” “पुळियोगरे?” “नाही.” “अवलक्की?” “नाही.” “चित्रान्न?” “नाही, नाही!” डब्यात मोकळ भाजणी होती, ती कुणाच्या बापाला ओळखता येणार? झाकण उघडायला आणि पहिला टपोरा थेंब पाटावर पडायला एकच गाठ पडली. हत्ती उचलून अज्जींच्या नातवानं सदऱ्यात घातला, मुलं जिन्याकडे पळाली, आणि उरलेली खिरापत जिन्याच्या पायऱ्यांवर बसून संपली. बाहेर हस्त आणि आत हादगा. सांगलीत हा योग मला फारसा लाभला नव्हता.

खंडेनवमीला गांधी बाजार झेंडू-शेवंतीच्या ढिगांनी आणि केळीच्या खुंटांनी इतका भरतो की मुलांना कडेवर घ्यावं लागतं. इथली ही आयुधपूजा. स्कूटरपासून बसपर्यंत प्रत्येक वाहनाला हार, चाकाखाली लिंबू, रस्त्यावर कुंकू भरून फोडलेले कोहळे. धाकट्याच्या तीनचाकीलाही हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि ती फुटेनात म्हणून थोरली त्याच्या मागे बसली. दसऱ्याला बाजारात शमीच्या डहाळ्या मिळतात, इथे तिला बन्नी म्हणतात. आपट्याचं पान मिळालं नाही, तर दोघांनी रस्त्यावरच्या कांचनाची पानं वेचून आणली. तीही दोन पाळ्यांची, आपट्याच्याच कुळातली. त्या झाडाला कानडीत बसवनपाद म्हणतात, बैलाच्या खुरासारखं पान म्हणून. ते सोनं आम्ही बसवनगुडीत घरोघर वाटलं आणि सगळ्यांनी घेतलं.

कोजागरीला आमच्याकडे थोरल्या अपत्याला ओवाळतात. थोरली पाटावर बसते, कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता. धाकट्यानं पाटाचा कोपरा धरून ठेवला होता. “मला पण.” पद्धत पद्धतीच्या जागी ठेवून थोरलीच सरकली आणि अर्ध्या पाटावर त्याला जागा दिली. मीही तबक जरा रुंद फिरवलं. आटवलेल्या दुधात चारोळी आणि केशर घालून गच्चीवर गेलो तर आभाळ भरलेलं. कडांवर नुसता उजेड. धाकटा बराच वेळ वर बघून म्हणाला, “आई, चंद्र भिजला का ग?” थोरलीनं त्याला समजावलं की चंद्र ढगाच्या वर असतो, म्हणून तो कोरडाच असणार. ढग फाटून चंद्र दिसला तेव्हा दोघं जागी होती आणि दूध केव्हाच संपलं होतं.

दिवाळीत गॅलरीत किल्ला होतो. माती कुंड्यांमधली, लाल. नमुन्यासाठी ब्यूगल रॉकला जातो. हा तीनशे कोटी वर्षांच्या आसपासचा खडक, लालबागेतल्या खडकाचाच भाऊबंद. वरच्या झाडांवर वटवाघळं लोंबकळत असतात. मुलं त्या गुळगुळीत पाठीवर बसून घसरतात आणि बुरूज कुठे, तळं कुठे ते ठरवतात. मी त्यांना सांगितलं की हे शहर शहाजीराजांकडे होतं. 1638 साली आदिलशाही फौजेनं ते केंपेगौडांच्या घराण्याकडून घेतलं आणि पुढे राजांना जहागीर मिळालं, आणि लहानपणी शिवाजीराजे जिजाऊंबरोबर वडिलांकडे इथे येऊन राहिले होते. थोरलीनं जरा विचार केला. “म्हणजे ते ह्या दगडावरून घसरलेच असणार.” तेव्हापासून आमच्या किल्ल्यावर महाराज सिंहासनाऐवजी घसरगुंडीशी बसतात.

नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की चेन्नईत कोसळतं आणि इथे दोन-तीन दिवस बारीक झड लागते. किल्ल्याचा तट वितळून गॅलरीच्या मोरीकडे निघतो. अळिवाचं शेत मात्र त्या ओलीनं अधिकच माजतं. मुलं सकाळी उठून दुरुस्तीला लागतात. नखांतली लाल माती कार्तिक संपेपर्यंत जात नाही.

आणि कार्तिकातला शेवटचा सोमवार म्हणजे कडलेकाई परिशे, शेंगांची जत्रा. बुल टेंपल रोड गाड्यांना बंद होतो आणि दोन्ही कडांनी भुईमुगाच्या शेंगांचे ढीग लागतात. कच्च्या, भाजलेल्या, उकडलेल्या. मधून कुरमुऱ्यांचे डोंगर, बत्तासे, पिपाण्या, आकाशपाळणे. गोष्ट अशी सांगतात की इथल्या शेतांत पौर्णिमेला एक बैल येऊन भुईमूग फस्त करायचा. मग बैलासाठी देऊळ उभं राहिलं आणि शेतकऱ्यांनी पहिलं पीक त्याला वाहायला सुरुवात केली. केंपेगौडांनी बांधलेल्या त्या देवळात एकाच दगडातला साडेचार मीटर उंच नंदी, म्हणजे बसवण्णा, बसला आहे, तेलानं काळाभोर. तो दर वर्षी वाढत होता, कपाळावर त्रिशूळ ठोकल्यावर थांबला, हे ऐकल्यापासून धाकटा दर खेपेला आधी त्रिशूळ तपासतो. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेतली. समुद्र ओलांडून आली ती इथल्या लाल मातीत अशी रुळली की आता तिच्याशिवाय बसवण्णाचा कार्तिक पुरा होत नाही.

दर्शन घेऊन आम्ही ढिगाऱ्यांतून चाललो होतो. धाकट्यानं नंदीपुढे हात लांब करून शेंग धरली होती आणि पुजाऱ्यांनी ती घेऊन नंदीच्या पायाशी ठेवली होती, त्यामुळे त्याचा रुबाब काही विचारू नका. एका म्हाताऱ्या शेंगवालीपाशी थांबलो. ती मापानं शेंगा ओतत होती. आमचं आपसातलं मराठी ऐकून तिनं मान वर केली आणि विचारलं, “याव ऊरु?” कोणतं गाव तुमचं? माझ्या ओठांवर सांगली आलीच होती. थोरलीनं पिशवीचं तोंड रुंद करत उत्तर दिलं, “इल्ले, बसवनगुडी.” इथलेच की. म्हातारीनं “हौदा?” म्हणून तिची हनुवटी धरली, माप बाजूला ठेवलं आणि दोन ओंजळी भरभरून वरच्या शेंगा पिशवीत घातल्या. “मला पण, मला पण,” करत धाकट्यानं टोपी पुढे केली. मग त्याच्या टोपीतही.