सुळे नसलेला ड्रॅक्युला

परवाच्या रविवारी आमच्या घरी वादावादी झाली. आमची थोरली यंदा बारावीला आहे. जेवणे आटोपल्यावर ती मोबाईलवर इंग्रजी सिनेमा लावून बसली. कशावर आहे म्हणून विचारले तर म्हणाली, "माणसाचं रक्त पिणाऱ्यांच्या जातीतला मुलगा आणि त्याच्या प्रेमात पडलेली मुलगी." आम्ही म्हणालो, बंद कर. त्यावर ती म्हणाली, "पप्पा, आधी बघा तरी. न बघता कसं बोलता?" पुस्तक न वाचता त्यावर मत देणाऱ्यांना आम्ही नेहमी हेच सुनावतो. आमचेच वाक्य आमच्यावर उलटले आणि आम्हाला बसावे लागले. सिनेमा होता 2008 सालचा 'ट्वायलाइट'. संवाद खाली लिहून येत होते, अडले तिथे ती सांगत होती.

आमच्या पिढीला रक्तपिपासू नवे नाहीत. वस्तीत वर्गणी काढून भाड्याचा व्हीसीआर आणायचा आणि रात्रभर तीन सिनेमे पाहायचे, त्यात एक रामसे बंधूंचा हमखास असायचा. 'पुराना मंदिर', 'बंद दरवाजा' पाहून पोरे रात्री नळावर एकटी जात नसत. इथे मात्र भलतेच! या व्हॅम्पायरला सुळेच नाहीत. तो उन्हात जळून खाक होत नाही, उलट अंगावर चमकी टाकल्यासारखा लुकलुकतो. तेव्हा धाकट्यासह सगळे हसलो. त्याचे कुटुंब जनावरांच्या रक्तावर भागवते आणि स्वतःला शाकाहारी म्हणवते, हे ऐकून मुलीची आई म्हणाली, "म्हणजे इथंही सोवळं आलंच!"

गोष्ट साधी आहे. सतरा वर्षांची बेला आईचे घर सोडून वडिलांकडे फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड भेटतो. दिसायला तोही सतराचाच, पण 1918 च्या साथीच्या तापात मरता मरता व्हॅम्पायर झालेला. त्याला तिच्या रक्ताची विलक्षण ओढ आहे आणि तिच्यावर जीवही आहे.

हा सिनेमा जमला आहे का? पहिला तासभर नक्की जमला आहे. दिग्दर्शिका कॅथरिन हार्डविक या बाईंनी त्याआधी 2003 साली 'थर्टीन' हा तेरा वर्षांच्या मुलीवरचा सिनेमा केला होता. या वयाच्या मुलीचे अवघडलेपण त्यांना नेमके ठाऊक आहे. नव्या शाळेत कुठे बसावे, हातांचे काय करावे, कोणी बघत असेल का, हे सगळे क्रिस्टन स्टुअर्टच्या चेहऱ्यावर दिसते. सगळीकडे निळसर, ओला उजेड. मुलीने मुलाकडे टक लावून पाहावे आणि कॅमेऱ्याने तिची टिंगल करू नये, हे आम्ही आमच्या सिनेमात फार थोडे पाहिले. पुढे तो तिला पाठीवर घेऊन झाडावर चढतो तेव्हा मात्र तारेवरची कसरत उघडी पडते. खलनायक तर इतक्या उशिरा येतो, की शेवटची गाडी चुकू नये म्हणून धावत आल्यासारखा वाटतो. तरी सुमारे पावणेचार कोटी डॉलरमध्ये बनलेल्या या सिनेमाने चाळीस कोटींच्या आसपास कमावले. पुढचे चारही भाग पुरुष दिग्दर्शकांकडे गेले, हेही नोंदवून ठेवतो.

वाद झाला तो वेगळ्याच ठिकाणी. एडवर्ड गेले काही महिने रात्री खिडकीतून तिच्या खोलीत येऊन तिला झोपलेली पाहत असतो. तिला न विचारता. आम्ही ताडकन म्हणालो, "हे प्रेम नव्हे, ही पाळत आहे." आमच्या भाचीच्या मागे असाच एक जण दोन वर्षे लागला होता. बसस्टॉपवर उभा, क्लासबाहेर उभा. लोक म्हणत, किती जीव आहे बघा त्याचा! भाचीने अखेर क्लास सोडला. ते वर्ष तिला परत मिळाले नाही.

थोरली गप्प झाली. मग म्हणाली, "ते चूकच आहे, पप्पा. पण मुलींना हा का आवडतो सांगू? त्याच्याकडे सगळी ताकद आहे, त्याला तिचं रक्त हवंय, आणि तो थांबतो. स्वतःच मागे सरकतो. तुमच्या सिनेमातला कुठला हिरो थांबला?" आम्ही आठवून पाहिले. एक नाव पटकन सुचले नाही. पण थांबणारा मुलगा खिडकीतूनही येऊ नये, एवढे आम्ही म्हणालोच. तिने मान हलवली, हो की नाही ते कळले नाही.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकली. बेलाचा मित्र जेकब क्विल्युट या आदिवासी जमातीचा दाखवला आहे. ही जमात खरी आहे, समुद्रकाठी ला पुश इथे राहते. लेखिका स्टेफनी मेयर यांनी फोर्क्स गाव निवडले ते सर्वात जास्त पाऊस कुठे पडतो हे इंटरनेटवर शोधून. क्विल्युटांच्या उत्पत्तीकथेत लांडगे आहेत, व्हॅम्पायरशी वैर नाही. ते मेयरबाईंनी जोडले. पुस्तके खपली, सिनेमे चालले, आणि त्या लोकांना मात्र सुनामीच्या धोक्यापासून उंचावर जाण्यासाठी जमीन मागत बसावे लागले. 2012 साली कायदा होऊन ती मिळाली. आपली गोष्ट परस्पर दुसऱ्याने लिहिली की काय होते, हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

पण आम्हाला गलबलून आले ते प्रेमिकांमुळे नव्हे, बेलाच्या बापामुळे. चार्ली हा पोलिसप्रमुख. लेकीशी काय बोलावे हे त्याला सुचत नाही. तिच्या जुन्या गाडीला तो गुपचूप नवे टायर बसवतो आणि तेवढेच सांगतो. तिच्या हाती मिरचीच्या फवाऱ्याची कुपी देतो. पुढे त्याला संकटापासून दूर ठेवण्यासाठी ती खोटे भांडण काढते आणि तिची आई घर सोडताना जे बोलली होती तेच त्याच्या तोंडावर बोलून निघून जाते. तो दारात उभाच राहतो. आम्ही तेव्हा पाणी प्यायला उठलो. थोरलीने सिनेमा थांबवून ठेवला होता, परत येईपर्यंत.

सोमवारी पहाटे ड्युटीला निघण्यापूर्वी तिच्या सायकलचा मागचा ब्रेक ढिला दिसला. वर्कशॉपमध्ये तीस वर्षे पाने फिरवल्याने हात आपोआप गेला. दहा मिनिटे तार ओढत बसलो होतो. ती दारात ब्रश घेऊन उभी होती.

"टायरपण बदलताय का, पप्पा?"

"नाही. फक्त ब्रेक."

"बरं," ती म्हणाली. "रविवारी दुसरा भाग आहे. लवकर या."