शुश्रूषा

'आता करण्यासारखे काही उरले नाही' हे वैद्याचे शब्द ऐकून घरी परतणाऱ्या कुटुंबाची जणू वाचाच जाते. रोगाचे नाव शेजाऱ्यांपासून लपविले जाते, रुग्णापासूनही लपविले जाते. आणि रुग्ण सारे ओळखून गप्प राहतो. कित्येकदा वेदनेपेक्षा हे मौनच अधिक दुःसह होते.

करण्यासारखे पुष्कळ उरते, हे बंगळूरच्या 'करुणाश्रया'त दिसते. भारतीय कर्करोग संस्थेची कर्नाटक शाखा आणि इंदिरानगरचा रोटरी क्लब यांच्या पुढाकाराने १९९४ मध्ये त्याचा न्यास स्थापन झाला. १९९९ मध्ये मराठहळ्ळीजवळ वास्तू उभी राहिली. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदनाने १९८६ मध्येच ही वाट दाखविली होती. करुणाश्रयात मूल्य घेतले जात नाही आणि रोगमुक्तीचे आश्वासनही दिले जात नाही. वेदना शमविणे, जखमा स्वच्छ करणे, घरच्यांना सेवा शिकविणे, रुग्णाजवळ बसणे, एवढेच तेथील व्रत. परिचारिका रुग्णांच्या घरीही जातात.

तथापि अशा संस्थेचे नाव काढणे म्हणजे आशा सोडणे, ही समजूत अद्याप दृढ आहे. म्हणून कित्येक रुग्ण अखेरच्या दिवसांतच तेथे पोहोचतात आणि टाळता येण्याजोग्या वेदना भोगून येतात.

मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत रुग्णसेवेला 'शुश्रूषा' हाच शब्द आहे. 'श्रु' या धातूच्या इच्छार्थक रूपापासून तो सिद्ध झाला; त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. रुग्णाला काय हवे, कशाचे भय वाटते, हे त्यालाच विचारावे आणि तो सांगेल ते ऐकून घ्यावे. एवढे तर प्रत्येक घराला करता येते.