पाच हजारांत सायकल सुधारायची आहे? आधी शरीराला विचारा

मधुमेह, रक्तदाब, वाढलेलं वजन किंवा सुरुवातीची गुडघेदुखी घेऊन आलेल्यांना मी चालण्याबरोबर सायकलचाही पर्याय सुचवतो. सायकलवर शरीराचं बरंचसं वजन सीट पेलते, त्यामुळे गुडघ्याच्या सांध्यावर चालण्यापेक्षा कमी भार येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे प्रौढ व्यक्तीला आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमवणारा व्यायाम हवा. कामावर सायकलने जाणाऱ्याची ही मिनिटं येण्याजाण्यातच भरतात.

लोक ऐकतात, सायकल घेतात. बहुतेकांची सायकल जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली एमटीबी असते, दहा-पंधरा हजारांची. पुढच्या भेटीत विचारावं तर सायकल जिन्याखाली उभी! कारण आळस असेलच असं नाही. कुणाच्या हाताला मुंग्या येतात, कुणाचं बूड दुखतं, कुणाचा गुडघा चढावर कुरकुरतो. मग प्रश्न येतो, "डॉक्टर, थोडे पैसे घालून सायकल सुधारली तर जमेल का?"

जमेल, पण पैसे कुठे घालायचे हे आधी ठरवायला हवं. मी स्वतः साताऱ्यात सहा वर्षं एक जुनी, लोखंडी फ्रेमची, २६ इंची चाकांची एमटीबी चालवतोय. सेकंडहँड घेतलेली आहे. रविवारी यवतेश्वरचा घाट चढतो, एरवी दवाखान्यात येतो-जातो. या सायकलवर मी काय बदललं, काय मुद्दाम तसंच ठेवलं आणि त्यामागचं वैद्यकीय कारण काय, ते आज सांगतो.

खर्चाआधी दोन आठवड्यांची नोंद

रुग्ण आला की आम्ही आधी विचारतो, कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं. सायकलचंही तसंच करा. प्रत्येक फेरीनंतर एक ओळ लिहा: काय दुखलं, किती मिनिटांनी, चढावर की उतारावर. दोन आठवड्यांत एक-दोनच तक्रारी पुन्हापुन्हा लिहिलेल्या दिसतील. पैसे त्या तक्रारीवर खर्च करायचे. चकचकीत भाग पाहून केलेल्या खरेदीला या वहीत जागा नाही.

फुकटची आणि सगळ्यात मोठी सुधारणा

ती म्हणजे सीटची उंची. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा. पायडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग नेहमीसारखा पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडा बाक राहतो. साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक योग्य मानतात.

आपल्याकडे बहुतेकांची सीट फार खाली असते, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवे असतात. अशा बसण्याने गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतो आणि वाटीच्या मागे दाब वाढतो. ढोबळ खूण लक्षात ठेवा: गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर आहे. बदल एकदम करू नका, पाच-पाच मिलिमीटरने करा. सीटच्या दांडीवर कमाल उंचीची रेघ असते, ती बाहेर दिसेपर्यंत दांडी ओढू नका. दांडी तुटली तर मोठी इजा होते.

करंगळीला मुंग्या येतात तेव्हा

माझे एक रुग्ण प्राथमिक शिक्षक आहेत (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत). वय सेहेचाळीस, चार वर्षांचा मधुमेह. माझ्या सांगण्यावरून शाळेत सायकलने जाऊ लागले, एका बाजूला नऊ किलोमीटर. अडीच महिन्यांनी आले ते घाबरलेलेच. उजवी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू बधिर झाली होती. "डॉक्टर, साखर नसांपर्यंत पोचली का?" घरच्यांनी सायकल बंद करायला सांगितलं होतं. एका दुकानदाराने हाताला धक्के बसतात म्हणून नवा शॉकअप सुचवला होता, साडेसहा हजारांचा. सरांनी बाजूला काढलेले होते पाच हजार.

मधुमेहात नसांचा त्रास सहसा दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होतो आणि हळूहळू वर चढतो. मी सरांच्या पायांची संवेदना तपासली, ती व्यवस्थित होती. बधिरपणा एकाच हाताला, ठरावीक दोन बोटांना आणि सायकल चालवल्यावरच वाढणारा होता. कोपराच्या आतल्या बाजूने येणारी अल्नर नस मनगटाजवळ, तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला एका अरुंद बोगद्यातून जाते. हँडलवर तळहात टेकून वजन टाकलं की ती तिथे दाबली जाते. सायकलस्वारांमध्ये हा त्रास इतका नेहमीचा आहे की इंग्रजीत त्याला हँडलबार पाल्सी असं नावच आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दाबली जाणारी नस वेगळी असते, तिचं नाव मीडियन.

मी खाली जाऊन सरांची सायकल पाहिली. सीटचं टोक पुढे झुकलेलं होतं, त्यामुळे शरीर सतत पुढे घसरत होतं आणि सगळा भार तळहातांवर येत होता. ग्रिप टणक प्लास्टिकच्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. ब्रेकचे दांडे इतके आडवे की मनगट मागे वाकल्याशिवाय बोटं पोचेनात. टायरमध्ये हवा दगडासारखी. सीट सपाट केली. ब्रेकचे दांडे थोडे खाली वळवले, म्हणजे हात आणि मनगट एका रेषेत आले. हवा कमी केली. मिस्त्रीकडून हँडल थोडं वर घ्यायला सांगितलं. खरेदी फक्त रबरी, तळहाताला रुंद आधार देणाऱ्या ग्रिपची झाली, तीनशे रुपये. शिवाय दर दहा मिनिटांनी हाताची जागा बदलायची. आठवडाभर सायकलला विश्रांती दिली आणि मग हळूहळू सुरुवात केली. महिन्याभरात बोटं पूर्ववत झाली. सर आजही शाळेत सायकलनेच जातात.

सीट: मऊ म्हणजे चांगली नव्हे

बूड दुखलं की माणूस रुंद, जेल भरलेली सीट शोधतो. वास्तविक बसताना वजन कुल्ह्यांखालच्या दोन हाडांवर यायला हवं. फार मऊ सीटमध्ये ही हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन जननेंद्रियांकडे जाणाऱ्या नसा-रक्तवाहिन्या दाबतो. त्या भागाला बधिरपणा येत असेल तर दुर्लक्ष करू नका आणि सांगायला लाजू नका.

पन्हळी पुठ्ठा कठीण बाकावर ठेवून त्यावर दोन मिनिटं बसा. दोन खड्डे उमटतील. त्यांच्या मध्यांतलं अंतर मोजा. ती दोन्ही हाडं सीटच्या मागच्या रुंद भागावर आरामात टेकायला हवीत. सीट बदलण्याआधी मात्र आहे तीच सपाट करून, योग्य उंचीवर ठेवून दोन आठवडे पाहा. बऱ्याचदा खर्च वाचतो.

ब्रेक आणि टायर: इथे काटकसर नको

यवतेश्वर चढताना दम लागतो, पण जीवाला धोका उतरताना असतो. ब्रेकची रबरं त्यांच्यावरच्या खाचा दिसेनाशा होईपर्यंत झिजली की बदला. डिस्क ब्रेक असतील तर पॅड तपासा आणि चेनला तेल घालताना डिस्कवर थेंबही उडू देऊ नका, तेलकट पॅड धरत नाही. गंजलेली केबल आणि तिचं बाहेरचं आवरण बदललं की साधे ब्रेकही लोण्यासारखे चालतात. हा काही शेकड्यांचाच खर्च आहे.

टायरचं म्हणाल तर आपल्या एमटीबी बहुतेक वेळ डांबरावरच धावतात. मोठ्या गुठळ्यांचे टायर चिखलात पकड देतात, डांबरावर मात्र ताकद खातात. मी मधोमध जवळजवळ सलग आणि कडेला खाचा असलेले टायर बसवले. सहा वर्षांत सर्वात जास्त फरक कशाने जाणवला असेल तर याने. हवेचा दाब टायरच्या बाजूवर छापलेल्या मर्यादेतच ठेवा. डांबरावर थोडा जास्त, कच्च्या वाटेवर थोडा कमी. फार कमी ठेवलात तर खड्ड्यात ट्यूब रिमखाली चिमटते आणि पंक्चर होते.

चढ झेपत नसेल तर

जड गिअरमध्ये सावकाश रेटणं गुडघ्याला महागात पडतं. हलक्या गिअरमध्ये पाय भरभर फिरवा, मिनिटाला सत्तर-ऐंशी फेरे. पुढचं सगळ्यात लहान चक्र अनेक जण कधी वापरतच नाहीत. ते वापरायला पैसे लागत नाहीत.

तरीही जमत नसेल तर मागचं फ्रीव्हील बदला. पुढे २४ दाते आणि मागे २८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक ०.८६ वेळा फिरतं. मागे ३४ दाते केले की ०.७१ वेळा, म्हणजे चढ सुमारे अठरा टक्के हलका. तुमच्या गिअरच्या यंत्रणेला ते चालेल का, चेन पुरेल का, हे मिस्त्रीला आधी विचारा. चेन ताणली आहे का तेही पाहा. नव्या चेनमध्ये एका पिनेपासून चोवीसाव्या पिनेपर्यंतचं अंतर बरोबर १२ इंच असतं. ते दीड मिलिमीटरने वाढलं की चेन बदला. तीन मिलिमीटरपर्यंत थांबलात तर बहुधा फ्रीव्हीलही बदलावं लागतं.

मी काय बदललं नाही

शॉकअप. स्वस्त सायकलचा शॉकअप जड असतो आणि स्प्रिंगसारखा नुसता उसळतो, हे खरं. पण चांगला घ्यायचा तर सायकलच्या अर्ध्या किमतीएवढे पैसे जातात. हलकं हँडल आणि हलकी चाकं यांचाही तोच हिशोब. आठ-दहा किलो वजन कमी करायचं असलेल्या माणसाने सायकलचं दोनशे ग्रॅम वजन कमी करायला हजारो रुपये घालू नयेत!

पाच हजारांचा हिशोब

भाव गावाप्रमाणे आणि दुकानाप्रमाणे कमी-जास्त होतील, क्रम मात्र हाच ठेवा.

१. हेल्मेट: सुमारे १२०० रुपये. २०१६ साली चाळीस अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात हेल्मेट घातलेल्यांमध्ये डोक्याच्या गंभीर इजेची शक्यता सुमारे ६९ टक्के कमी आढळली. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदला.
२. ब्रेकचे पॅड आणि केबल, मजुरीसह: ६०० रुपये.
३. पुढचा आणि मागचा दिवा: ५०० रुपये.
४. दोन टायर: १६०० रुपये.
५. ग्रिप: ३०० रुपये.
६. दाब दाखवणारा पंप: ५०० रुपये.

उरलेले तीनशे सर्व्हिसिंगला. फ्रीव्हील आणि सीट पुढच्या वर्षी, तेही वहीत तक्रार उरली असेल तरच.

डॉक्टरांकडे कधी यावं?

बधिरपणा सायकल बंद करूनही आठवडाभर टिकला, पकड कमजोर झाली, बटण लावताना बोटं अडखळू लागली, तर सायकल थांबवून तपासून घ्या. गुडघ्याला सूज आली किंवा तो अडकू लागला तरीही. चढावर छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबा आणि ताबडतोब रुग्णालय गाठा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी आणि व्यायाम वाढवण्याआधी औषधाच्या मात्रेबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं.

आज संध्याकाळी पाना घ्या आणि सीटची उंची तपासा. दुकानात जाण्याचा विचार दोन आठवड्यांनी करू.