पाटांची मांडणी

पुतण्यावर रागावण्याचा हक्क काकाला असतो, असें आमच्या घरांत पूर्वापार मानतात. परंतु रागावण्यापूर्वीं दोष कोणाचा हें पाहण्याचें कर्तव्यहि त्या हक्काला जोडलेलें आहे, हें मला उतारवयांत एका संगणकानें शिकविलें.

गोष्ट २०१७ सालच्या उन्हाळ्यांतली. कै. तीर्थरूपांनीं आयुष्यभर जमविलेल्या संस्कृत शब्दांच्या वह्या मीं उदगीरास बसून टंकित केल्या होत्या. त्यांच्या वर्षश्राद्धापूर्वीं शब्दसूची पुरी व्हावी, एवढीच इच्छा. पुण्याच्या पुतण्यानें आपल्या लिनक्स संगणकावर ‘बॅश’ शेलसाठीं आज्ञावली लिहून धाडली. शेल म्हणजे आपण टंकिलेल्या आज्ञा संगणकाकडून करवून घेणारा कारभारी. तिकडे ती बिनचूक चाले. माझ्या जुन्या ३२ बिटांच्या विंडोज संगणकावर, ‘सिग्विन’च्या आश्रयानें, ती कधीं शंभराव्या शब्दाला अडे, कधीं हजाराव्या, आणि नवी प्रक्रिया जन्मास घालतां येत नाहीं, अशा अर्थाचा निरोप देई.

‘‘आजोबांच्या कामांत तरी हयगय नको होती!’’ असें मी दूरध्वनीवर बोलून गेलों. तो गप्प राहिला. ती शांतता मला रात्रभर टोंचत होती.

मग मी स्वतःच मूळ शोधूं लागलों. स्मृति पाहिली, ती मोकळी होती. चालू प्रक्रिया मोजल्या, त्या थोड्याच होत्या. अडण्याची जागा दर वेळीं बदले. अर्थात् दोष शब्दांत नव्हता. उलगडा झाला तो असा. युनिक्सच्या परंपरेंत शेल प्रत्येक कामासाठीं ‘फोर्क’ करतो. म्हणजे पित्याची हुबेहूब प्रतिकृति जन्मते व मग ती आपलें नवें रूप घेते. विंडोजच्या रीतींत अपत्य आरंभापासूनच नवें घडतें. म्हणून सिग्विन एक नवी प्रक्रिया उभी करून तींत पित्याची स्मृति ओततें. त्यासाठीं प्रत्येक ग्रंथालय, म्हणजे सामायिक आज्ञांचा संच, अपत्याच्या ठायींहि त्याच पत्त्यावर बसावें लागतें. नव्या घरांत प्रत्येकाचा पाट जुन्याच जागीं मांडावयाचा, आणि तेथें आधींच पाहुणा बसलेला! ३२ बिटांच्या घरांत जागाहि तोकडी, म्हणून पंगत वारंवार मोडे.

उपाय सोपा होता. सिग्विनचे सर्व कार्यक्रम बंद करून ‘डॅश’ या लहान शेलमधून ‘रिबेसऑल’ चालविलें. त्यानें प्रत्येक ग्रंथालयाला स्वतंत्र पत्ता नेमून दिला. पुतण्यानेंहि शब्दागणिक नव्या प्रक्रिया काढण्याऐवजीं सगळी वही एकट्या ‘ऑक’कडे सोंपविली. हजारों जन्मांचें काम दोन-चारांवर आलें, आणि सूची त्याच रात्रीं झाली.

पुढें २०२२ मध्यें सिग्विननें ३२ बिटांचा आधारच सोडला. माझा तो संगणकहि आतां माळ्यावर आहे. त्याची आज्ञावली वाईट नव्हती, माझें यंत्रहि वाईट नव्हतें. एका देशाची रीत दुसऱ्या देशांत गेली होती, आणि तिथली मांडणी कोणीं पाहिली नव्हती.

सकाळीं मीं दूरध्वनि केला. ‘‘बाळ, मी उगीच बोललों.’’

‘‘काका, पुढची वही केव्हां पाठवतां?’’ एवढेंच तो म्हणाला.