तीस वर्षांचा हिशेब

आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वडील – आम्ही त्यांना अण्णा म्हणतो – सुतारकाम करतात. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला ‘उत्पादनखर्च’ हा शब्द आला, की मला करवतीचा भुसा आठवतो.

डिसेंबर २०२४ मध्ये घाटकोपरच्या आर सिटी मॉलमध्ये ‘नितोरी’ या जपानी कंपनीचे भारतातील पहिले दुकान निघाले. फर्निचर, पडदे, उशा, ताटल्या, सारे एका छताखाली. स्वस्त माल म्हणजे हलका माल, असे आपण सहज म्हणून टाकतो. या कंपनीची वाटचाल वाचल्यावर मात्र मला तसे म्हणवेना.

आकिओ नितोरी हे युद्धानंतर साखालिन बेटावरून परतलेल्या गरीब कुटुंबातले. १९६७ साली त्यांनी साप्पोरो येथे फर्निचरचे लहानसे दुकान थाटले. गिऱ्हाइकाशी बोलणे त्यांना जमेना! लग्नानंतर पत्नीने विक्री सांभाळली आणि ते माल आणण्याकडे वळले. पुढे जवळच मोठे दुकान निघाले व धंदा बसण्याची वेळ आली. त्याच सुमारास, १९७२ मध्ये, ते अमेरिका पाहून आले. तेथे फर्निचरची किंमत जपानच्या जवळजवळ एक तृतीयांश. शिवाय पडद्याचा रंग खुर्चीशी जुळणारा. हे आपल्या माणसांना का मिळू नये, या प्रश्नाने त्यांना पछाडले. त्यांनी तीस वर्षांचा आराखडा आखला : शंभर दुकाने. शंभरावे दुकान २००३ साली, म्हणजे ठरल्यापेक्षा एकच वर्ष उशिरा झाले! दरम्यान १९९४ मध्ये इंडोनेशियात स्वतःचा कारखाना निघाला, पुढे व्हिएतनाममध्येही. आखणी आपली, कारखाना आपला, वाहतूक आपली आणि दुकानही आपले. मधले हात गेले, तशी किंमत उतरली. २००७ मध्ये तैवानपासून परदेशी दुकाने सुरू झाली.

मी अण्णांना ते दुकान दाखवायला नेले. त्यांनी एका टेबलाच्या खालच्या अंगाने हात फिरवला आणि म्हणाले, “सफाई आहे रे. पण भिंत कुणाची मोजली?”

प्रश्न रास्त होता. आमच्या चाळीतली एकही भिंत गुण्यात नाही. अण्णा कपाट करतात ते त्या एका वाकड्या भिंतीसाठी. कारखाना सगळ्यांसाठी एकच माप धरतो. म्हणूनच त्याला स्वस्त पडते.

मग अण्णा कमी कुठे पडतात? हातात नव्हे, हिशेबात. लाकूड ते किरकोळ भावाने घेतात आणि त्यांचा विचार पुढच्या कामाच्या उचलीपर्यंत पोचतो. तीस वर्षे पुढचे पाहायला आज चूल पेटलेली असावी लागते, हे खरे. पण साप्पोरोच्या त्या दुकानदाराची चूल तरी कुठे धड पेटत होती? उसासाठी सहकार उभारणाऱ्या महाराष्ट्रात दहा सुतारांनी एकत्र लाकूड घ्यावे, माप ज्याचे त्याने घ्यावे, हे इतके अवघड आहे काय? अण्णांना विचारले, तर ते हसले. “कागदावर मांडून दाखव,” म्हणाले.

सध्या मी तेच मांडतो आहे.