उघड्यावरचा देव

तापातून उठल्यावर अंगात बळ नव्हतं, तरी काकूंबरोबर गावच्या देवराईत गेले. काकूंनी वेशीवरच चपला काढल्या, मीही काढल्या. पायाखाली ओला पाचोळा, वर झाडांना विळखे घालत गेलेली गारंबी. देव म्हणजे शेंदूर फासलेला दगड. इथली वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा नेम. 1970च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी अशा देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या धाकाने किती जंगल राखलंय, ते त्यातून दिसलं. मला मात्र धाक वाटला नाही. आपण इथलेच, एवढंच वाटत राहिलं. देवळात असं क्वचितच होतं.

आता इथे सिमेंटचा सभामंडप घालायचं चाललंय. काही झाडं जातील. देवाला छप्पर हवंय, हे कुणी ठरवलं? काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, "अगं, पण पावसात माणसांनी बसायचं कुठे?"